आई, आपल्याला कोण खातं?

कढीपत्त्याच्या कुंडीतल्या नऊ अळ्या, एक पकडलं गेलेलं खोटं आणि साडेपाच वर्षांच्या लेकीबरोबर मुंबई-ठाण्यात केलेली जंगल सफारी. तीही ऑफिसची एकही रजा न टाकता!

सोमवार सकाळ, सात वाजून दहा मिनिटं. गॅसवर पोहे, कानाला फोन, फोनवर टीम लीडर आणि डोक्यात सात बेचाळीसची लोकल. अशा ऐन धामधुमीत बाल्कनीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, कढीपत्ता कोणी ओरबाडला?"

फोडणीत कढीपत्ता नाही म्हणजे आमच्याकडे राष्ट्रीय आपत्ती. मी झारा हातात घेऊनच बाल्कनीत धावले. परवापर्यंत भरगच्च असलेल्या झाडाच्या दोन-तीन फांद्यांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. बाकीच्या पानांवर कुठल्याशा पक्ष्याने घाण करून ठेवली होती. मी टिश्यू घेऊन ती पुसायला गेले आणि मागून आमचं कन्यारत्न किंचाळलं, "आई, थांब! ती शी चालतेय!"

ती शी नव्हतीच मुळी. ती अळी होती. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, तपकिरी-पांढरी, ओलसर चकचकीत. तिच्या शेजारी आणखी एक. खाली एक मोठी, चक्क कढीपत्त्याच्या रंगाची हिरवीगार. आम्ही मोजल्या. एकूण नऊ! पोहे करपले, लोकल चुकली आणि टीम लीडरने काय सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. फोटो काढून शोधाशोध केल्यावर कळलं, की या कॉमन मॉर्मन नावाच्या काळ्या देखण्या फुलपाखराच्या अळ्या. लिंबू, संत्रं आणि कढीपत्ता एकाच कुळातले, आणि या अळ्यांचं जेवण म्हणजे याच कुळातल्या झाडांची पानं. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घ्यायचं, म्हणजे कोणी खायच्या भानगडीत पडत नाही. मोठं झालं की पानाच्या रंगात लपायचं. आणि त्यांची आई अंडी घालण्याआधी पानावर पाय आपटून चव घेते. हो, फुलपाखराला पायाने चव कळते! आपण भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघतो ना, तसंच काहीसं.

सासूबाई म्हणाल्या, "झटकून टाक आधी." लेक दोन्ही हात पसरून कुंडीसमोर उभी. शेवटी तह झाला. फोडणीसाठी कढीपत्ता भाजीवाल्याकडून आणायचा आणि कुंडीतला अळ्यांना.

मामाकडे गेलेल्या अळ्या

दुसऱ्या दिवसापासून स्कूलबस यायच्या आधी हजेरी सुरू झाली. मंगळवारी नऊ. बुधवारी आठ. शुक्रवारी सहा.

"आई, तिघी कुठे गेल्या?"

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन कॉलवर होते. समोर क्लायंट, डेडलाइन संध्याकाळी सहाची. माइक म्यूट करून मी म्हणाले, "मामाकडे गेल्या असतील गं, सुट्टीला." प्रश्न मिटला. दहा सेकंदांत! मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

रविवारी सकाळी ती बाल्कनीतून आत आली. रडत नव्हती, पण चेहरा वेगळाच. म्हणाली, "मामाकडे नाही गेली. बुलबुलने खाल्ली. मी बघितलं. तू खोटं बोललीस."

खरं सांगते, अप्रेझलच्या मीटिंगमध्येही इतकं कानकोंडं झालं नव्हतं. ते खोटं मी तिच्यासाठी बोललेच नव्हते. माझा कॉल वाचावा म्हणून बोलले होते. बरं, पुढचे दोन दिवस मी काहीही सांगितलं तरी बाईसाहेब आजीकडे जाऊन खात्री करून घेत होत्या. दूध संपलं म्हटलं तर फ्रिज उघडून बघितला!

त्यात तिने केरसुणी मागितली. बुलबुलला हाकलायला. आणि मी ती देणारही होते.

पण समोरच्या फ्लॅटच्या ग्रिलवर बोगनवेल आहे आणि तिच्यात त्याच बुलबुल जोडीचं घरटं. बुलबुल एरवी फळं, मध, किडे असं मिक्स खातो, पण पिल्लांना वाढायला किडे आणि अळ्या लागतात. नवऱ्याने लेकीला कडेवर घेऊन खिडकीतून घरटं दाखवलं. आत लाल-गुलाबी आ वासलेली तोंडं. बुलबुल आला, चोचीतलं काहीतरी एका तोंडात घातलं आणि परत उडाला. थेट आमच्या कढीपत्त्याकडे.

ती खूप वेळ गप्प होती. मग विचारलं, "मग आपण कोणाच्या टीममध्ये?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसंच सांगितलं. "मला नाही माहीत गं." गंमत म्हणजे, त्या उत्तराने ती खूश झाली. तिने स्वतःच निकाल दिला. दोन अळ्या आपल्या, बाकीच्या बुलबुलच्या. एका फांदीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. खाली दोन अळ्या ठेवल्या.

सिंह मटण खातो, माकड केळं

मंडळी, आपण मुलांना 'कोण काय खातं' हे शिकवतोच. पण कसं? भिंतीवरच्या तक्त्यावर. सशाला गाजर, माकडाला केळं, सिंहाला मटण. एक प्राणी, एक पदार्थ, पुढचा प्रश्न. आमच्या लेकीला पेंग्विन माहीत होता, जिराफ माहीत होता. रोज बाल्कनीत येणारा बुलबुल मात्र "तो काळा पक्षी" होता.

तक्त्यात आणखी एक गडबड असते. तिथे कोणी कोणाला खाताना दिसत नाही. सिंह आणि हरीण शेजारी शेजारी हसत उभे. त्यामुळे मूल पहिल्यांदा पालीने पतंग गिळताना बघतं तेव्हा पाल एकदम व्हिलन होते. मग कोळी व्हिलन, साप व्हिलन, वटवाघूळ व्हिलन. आणि फुलपाखरू, चिमणी, ससा चांगले. ही यादी डोक्यात घेऊन आपण मोठे होतो आणि पहिल्या पगारात पेस्ट कंट्रोलचं पॅकेज घेतो!

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या परिसरातल्या वारली पाड्यांत वाघोबाची ठाणी आहेत. बिबट्या ज्यांच्या अंगणातून जातो, त्यांनी त्याला देव मानलंय. भीती आहे, सावधपणा आहे, पण तो वाईट आहे असं कोणी म्हणत नाही. त्याला भूक लागते, एवढंच. साडेपाच वर्षांच्या मुलाला नेमकं हेच समजतं. कारण भूक त्यालाही लागते. जैवविविधता हा शब्द त्याला बोलताही येणार नाही, पण 'कोणाला काय खायला लागतं' हे विचारत गेलं की तो आपोआप तिथेच पोचतो. अळीला कढीपत्ताच लागतो. कढीपत्ता गेला की अळी गेली, अळी गेली की बुलबुलच्या पिल्लांचा डबा गेला. झाला की पहिला धडा!

आता ताटातलं पापलेट. हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. बुधवारी रात्री घास हातात धरून तिने विचारलं, "याला पण आई होती?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी आमटी वाढायला घेतली. मी म्हणाले, "हो. होती."

तिने घास खाली ठेवला. तीन आठवडे मासा नाही, चिकन नाही. सासूबाईंची झोप उडाली. "एवढंसं पोर, त्याला कशाला सांगायचं सगळं?" असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. मलाही धाकधूक होतीच. आम्ही जबरदस्ती केली नाही, डाळ-अंडी-दूध देत राहिलो. चौथ्या आठवड्यात तिने कोलंबीचा डबा स्वतःहून उघडला. म्हणाली, "एकच खाते." पापलेट अजूनही खात नाही. खाईल किंवा नाही खाणार. तो तिचा निर्णय, आणि तो तिने खरं माहीत असताना घेतलाय.

स्वयंपाक फक्त झाडं करतात

"पण आई, कढीपत्ता काय खातो?"

इथे मला पाचवीतलं विज्ञान आठवलं. मी म्हणाले, "सगळ्या जगात बहुतेक स्वयंपाक झाडंच करतात. ऊन म्हणजे गॅस, पाणी मुळांतून आणि हवा पानांच्या बारीक भोकांतून. बाकी आपण सगळे त्यांच्याकडचे पाहुणे." मग तिने घरातल्या प्रत्येक पदार्थाचा माग काढला. चपाती? गहू, म्हणजे झाड. दूध? म्हैस, म्हशीचं गवत, झाड. अंडं? कोंबडी, कोंबडीचे दाणे, झाड. आजोबांची सुपारी? झाड! आमच्या घरी हा खेळ आठवडाभर चालला आणि शेवट दर वेळी झाडावरच.

आणि मेल्यावर? केळ्याची साल आणि चॉकलेटचा चकचकीत कागद आम्ही एकाच मोठ्या कुंडीत पुरले. महिन्याने उकरून बघितलं, तर साल गायब आणि कागद जसाच्या तसा. "कागद कोणालाच आवडत नाही," लेकीचा निष्कर्ष. गांडुळं, बुरशी, जिवाणू आणि कसले कसले किडे, सगळे मिळून साल खातात आणि झाडासाठी परत खत करून ठेवतात. कागदाला मात्र गिऱ्हाईकच नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर एका रविवारी महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठा. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर. सदतीस एकरांची ही जागा एकेकाळी मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होती! झाडं लावत लावत १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. तिथल्या वाटेवर पडलेली पानं उलटली की खाली वाणी, गोगलगाई, मुंग्या. आमची लेक एका कुजक्या ओंडक्याजवळ पाऊण तास बसली. मॉलच्या प्ले झोनमध्ये वीस मिनिटांत कंटाळते, आणि तिथे तिकीटही महाग!

उंबराचं झाड तर तुमच्याही गल्लीत असेल. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, कारण फुलं फळाच्या आतच असतात. त्यांचं परागीभवन करणारा चिमुकला कीटक उंबरातच वाढतो. त्याला उंबराशिवाय घर नाही आणि उंबराला त्याच्याशिवाय बी नाही. फळं पिकली की दिवसा तांबट, कोकीळ, बुलबुल आणि रात्री वटवाघळं. चोवीस तास चालू असलेलं फूड कोर्टच!

गुलाबी का? कारण जेवण!

फेब्रुवारीत ऐरोलीला गेलो. तिथे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि भरती-ओहोटीच्या वेळा बघून खाडीत बोटही सुटते. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये खाडीचं नाव रामसर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत लागलं. बोटीतून दिसलेला तो गुलाबी पट्टा बघून बोटीतल्या सगळ्यांनी फोन बाहेर काढले. लेकीने मात्र विचारलं, "ते उलटं डोकं करून काय करतायत?"

जेवतायत. फ्लेमिंगोची चोच म्हणजे गाळणी. डोकं उलटं करून चिखल-पाणी आत घ्यायचं, पाणी बाहेर टाकायचं, शेवाळ आणि बारीक जीव आत ठेवायचे. त्या जेवणातल्याच रंगद्रव्यांनी पिसं गुलाबी होतात. पिल्लू जन्माला येतं तेव्हा करड्या रंगाचं असतं. "मग मी पालक खाल्ला तर हिरवी होईन?" नाही, पण हा प्रश्न टिकवून ठेवा. पालक संपवायला उपयोगी पडतो!

काठावर खारफुटीची पानं चिखलात पडतात, ती खेकडे खातात, कुजका भाग बारीक जीव खातात, त्यांना मासे, माशांना बगळे. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. पाण्याबाहेर फिरणारा हा मासा बघून लेक बोटीतून उतरायला तयार नव्हती. कोलंबीची पिल्लंही अशाच खारफुटीच्या आडोशाने वाढतात. म्हणजे ती एकच कोलंबी, जी तिने चौथ्या आठवड्यात खाल्ली, तिचा माग इथवर येतो. साखळी कसली, हे तर जाळं! आणि त्यात आपणही.

कोणालाही फुकटचं भरपूर मिळालं की या जाळ्याचं काय होतं, तेही शहरात दिसतं. कबुतर मुळात कड्याकपारीतला पक्षी. आपण त्याला कड्यांसारख्या बिल्डिंगा दिल्या आणि वर पोतीच्या पोती दाणे. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून केवढा वाद पेटला होता, आठवत असेल. लेकीला मी एवढंच सांगितलं, की दाणे घालणं ही माया असते, पण एकालाच सारखं वाढलं तर पंगत बिघडते.

इथे बाळं आहेत

अळ्यांचं पुढे काय झालं, हे विचारणार ना? दोन्ही अळ्या खाऊन खाऊन टम्म झाल्या. त्यांना डिवचलं की डोक्यामागून लाल दुशिंगी नळी बाहेर काढायच्या आणि उग्र वास सोडायच्या. हे त्यांचं संरक्षण. मग एके दिवशी खाणं बंद, आणि फांदीला टेकून कोश.

नेमकी त्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस आली. शनिवारी पेस्ट कंट्रोल, सर्व बाल्कन्या मोकळ्या ठेवाव्यात. लेकीने वहीचं पान फाडून ग्रिलला चिकटवलं. 'इथे बाळं आहेत.' 'ळ' उलटा. फवारणीवाले दादा आले, पान वाचलं, कोश बघितला आणि हसून शेजारच्या बाल्कनीत गेले. मी मात्र हसले नाही. कारण गेली चार वर्षं त्या नोटीशीवर सही मीच करत आले होते.

अकराव्या दिवशी सकाळी पहिला कोश फुटला. ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं, तास-दीड तास लटकून पंख वाळवत बसलं आणि गेलं. पानं कुरतडणारं तोंड जाऊन आता नळी आली होती. बाळपणी पालेभाजी, मोठेपणी फुलांचं सरबत!

दुसऱ्या कोशाला बारीक भोक पडलं. त्यातून फुलपाखरू नाही, गांधीलमाशीच्या जातकुळीतले चिलटाएवढे कीटक निघाले. मच्छरदाणीचा त्यांना काहीच अडथळा झाला नव्हता. त्यांच्या आईने कोशातच अंडी घातली होती आणि पिल्लांनी आतून कोश खाल्ला होता. मला वाटलं, आता रडारड. या वेळी मात्र मामाचं गाव काढलं नाही, जे झालं ते सांगितलं.

तिने भोक निरखून बघितलं. "म्हणजे त्यांची पण बाळं होती." मग थोड्या वेळाने, "मला वाईट वाटतंय." मी म्हणाले, "मला पण." आणि आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. लोकल त्याही दिवशी चुकली.

परवा रात्री झोपताना नवा प्रश्न आला. "आई, आपल्याला कोण खातं?"

मी जरा तोऱ्यातच म्हणाले, "आपल्याला? कोणी नाही."

तिने दंड पुढे केला. त्यावर लालबुंद गांधी. "आणि हा डास?"

तिला सांगितलं, रक्त फक्त मादी पिते, अंडी तयार व्हायला तिला ते लागतं. मग मी डास मारायची बॅट उचलली. डेंग्यूच्या दिवसांत एवढं मोठं मन माझं नाही. तरी विचारलं, "मारू?"

तिने विचार केला. "मार. पण फेकू नको, पालीला ठेव."

करून तर बघा!

कढीपत्ता किंवा लिंबाची एक कुंडी ठेवा आणि फवारणी बंद करा. पानावर विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसायच्या आधी दोनदा बघा.

साखर, भात आणि माशाचा काटा शेजारी शेजारी ठेवा. पहिली मुंगी कुठे येते, यावर मुलांशी पैज लावा.

जास्वंदीवर मावा पडलाय? लगेच धुऊ नका. मुंग्या त्याच्यातून पाझरणारा गोड रस पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात. हा गोठा पाच मिनिटं बघा, मग धुवा.

रात्री बाल्कनीतला दिवा लावून दहा मिनिटं गप्प बसा. पाल येईलच.

केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, घरट्यात हात घालायचा नाही, आणि खेळ संपला की साबणाने हात धुवायचे. हे नियम मोठ्यांनाही लागू!

आणि उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, चल बघू" म्हणा. मामाकडे कोणालाही पाठवू नका.